चितळाच्या नाकातलं रक्त

फुलसावंगीत खोली पाहायला गेले तेव्हा घरमालकांनी मला सगळ्यात आधी विचारलं, "तुमच्या घरी आतापर्यंत कोण कोण कशानं मेलं?"

मी अमरावतीहून आलेली, मुलींच्या शाळेवर नव्याने नेमलेली मास्तरीण. सोबत माझी आई. जात विचारतील, लग्न का झालं नाही ते विचारतील, एवढी तयारी आम्ही ठेवली होती. या प्रश्नाची नव्हती. वडील टायफॉइडने गेले, मी म्हणाले.

"पानी कुठलं पेत होते?"

"विहिरीचं."

"कोनाच्या?"

मग त्यांनी मला ओसरीच्या कडेला उजेडात उभं केलं, आईला माझी खालची पापणी ओढायला लावली आणि लांबूनच वाकून पाहिलं. "रक्त कमी हाय," ते म्हणाले. "पन रोग नाई. राहा." आईने खोलीत पाऊल टाकल्याबरोबर कडी लावली आणि ती कडी नीट बसते की नाही, हे हलवून पाहिलं.

गाव त्यांना पाटील म्हणे, जरी पाटीलकी दुसऱ्याच घरात होती. मी काकाजी म्हणू लागले आणि त्यांच्या बायकोला काकीजी. उंच, वाळलेला माणूस. धोतरावर पलटणीतला खाकी कोट, उन्हाळ्यातसुद्धा. लढाईच्या काळात ते खेचरांच्या पलटणीत होते, ब्रह्मदेशाकडे. तिथे जनावरांच्या डॉक्टरच्या हाताखाली त्यांनी काही वर्षं काढली. परत आले ते कापसाच्या शेतीकडे, पण शंका घेण्याची सवय तिकडूनच सोबत आली, असं काकीजी म्हणत. "लग्नात असे नव्हते," त्या सांगत. "मी वाढलेलं गुमान खात."

आता ते मीठसुद्धा हुंगून घेत. बाजारात कापलेलं टरबूज त्यांनी कधी घेतलं नाही. पुसदला जायचं तर सरकारी मोटारीच्या चाकांना आधी लाथ मारून पाहत आणि मग ड्रायव्हरला विचारत, काल झोप झाली काय. आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, तेव्हा पैनगंगेच्या पल्याडचा निजामाचा मुलूखही त्याच राज्यात आला. गावात त्यावर फार बोलणं होई. काकाजी म्हणत, "नकाशा बदलला म्हनतेत. कोनी पाह्यला? नदी तं जिथल्या तिथं हाय." माझ्याकडे दूध घालणारी बाई आली की ते ओसरीवरून उठून चरवीत डोकावत. पाणी आहे की नाही एवढंच पाहत नसत. म्हैस कोणत्या बाजूला चरायला गेली होती, तेही विचारत.

पण त्यांची खरी कीर्ती होती ती शिकारीची तपासणी करण्याबद्दल.

पिकाच्या राखणीसाठी त्यांच्याकडे लायसनची बंदूक होती. तूर आणि कापूस उभा असला की रोही, चितळ, रानडुकरं येत, आणि गावात कधीमधी हरणाचं मांस शिजे. कोणीही जनावर मारलं, तरी ते आधी काकाजींच्या अंगणात यायचं, असा एक न ठरवलेला रिवाज होता. ते कोट काढून काकीजींकडे देत, बाह्या वर करत, आणि जनावराला हात लावायच्या आधी आणणाऱ्याची उलटतपासणी घेत. कुठे होतं? एकटं की कळपात? तुला पाहून मान वर केली का? किती पळालं? पळताना पाय कसा टाकत होतं? मग खुरांची फट, हिरड्या, डोळ्यांचे कोपरे, शेपटीखालची जागा. पोट फाडलं की फुफ्फुसांवरून बोटं फिरवत. त्यात मोत्यासारख्या गाठी लागल्या तर सगळं जनावर गेलं. कलेजी उभी चिरत. आत पानासारखे चपटे किडे निघाले तर ती बाजूला. तिल्ली, म्हणजे प्लीहा, तळहातावर ठेवून ती फुगली आहे का पाहत. शेवटी वास घेत, डोळे मिटून.

"मेलेलं जनावर खोटं बोलत नाई," ते म्हणत. "आननारा बोलते."

गावाचाही त्यांच्यावर विश्वास होता असं नाही. त्यांनी खराब म्हणून बाजूला काढलेली कलेजी जाते कुठे, यावर पारावर बरीच चर्चा चाले. मागच्या दाराने त्यांच्याच चुलीवर जाते, असं निम्म्या गावाचं मत होतं. एकदा शिकारीला आलेल्या एका साहेबाने तर तोंडावरच म्हटलं, "पाटील, चांगला तुकडा तुम्हाला पाहिजे असेल तर सरळ मागा." काकाजींनी ती कलेजी त्याच्यासमोर दुसऱ्यांदा चिरली, आतला किडा काडीवर घेतला आणि काडी साहेबाच्या हातात दिली. साहेब जेवायला थांबला नाही. तरीही पारावरचं मत बदललं नाही. किडा आधीच खिशात ठेवला असेल, असं एकजण म्हणाला.

अशा माणसाचं खरं कोण ऐकणार, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता. तो पडला पुढे, एका वैशाखात.

गावापासून थोड्या अंतरावर बंजाऱ्यांचा तांडा होता. पूर्वी बैलांवर माल लादून मुलूख फिरणारी ही माणसं आता शेती करत. तांड्याच्या नायकाचं शेत काकाजींच्या शेताला लागून होतं आणि मधल्या बांधावरून दोघांचं जुनं वाकडं होतं. बांधावरची बाभूळ कोणाची, यावर त्याच चैत्रात दोघं एकमेकांवर ओरडले होते. नायकाची धाकटी मुलगी माझ्या शाळेत चौथी पास झाली होती, आणि आता काही वर्षांनी तिची सगाई ठरली. मला बोलावणं आलं. काकीजींनाही आलं. काकाजींना आलं की नाही, ते त्यांनी आम्हाला कळू दिलं नाही.

काकाजींना मूल नव्हतं. भावाचा मुलगा त्यांनी वाढवला होता. विशीतला, हसरा, सगळ्यांत मिसळणारा. काकाजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागल्यापासून बंदूक तोच चालवी. तांड्यात त्याची दोस्ती होती. सगाईच्या पाहुण्यांसाठी चितळ आणून देईन, असं त्याने नायकाला कबूल केलं होतं, आणि त्या सकाळी तो खरंच मोठ्या शिंगांचा नर घेऊन आला. बैलगाडीत घालून थेट तांड्यात. काकाजींच्या अंगणात न आणता.

आम्ही पोचलो तेव्हा लिंबाखाली चितळ आडवं टाकलेलं होतं आणि सुऱ्या पाजळल्या जात होत्या. दुसऱ्या तांड्याहून आलेले पाहुणे बाजेवर बसले होते. पुतण्या त्यांना शिकार कशी झाली ते सांगत होता. नदीच्या डोहात उभं होतं, पोटापर्यंत पाण्यात. तो काठावर गेला तरी हललं नाही. एका गोळीत खाली.

तेवढ्यात काकाजी आले. त्यांना कोणी सांगितलं कोणास ठाऊक. कोट घातलेलाच होता, आणि या वेळी त्यांनी तो काढला नाही.

"सकाळच्या पारी पान्यात उभं होतं?" त्यांनी पुतण्याला विचारलं.

"हो काकाजी."

"तू किती जवळ गेलता?"

"हा लिंब हाय ना, तेवढा."

"अन् पळालं नाई."

काकाजी जनावराच्या भोवती फिरले. हात मात्र लावला नाही, हे माझ्या लक्षात आलं, कारण एरवी ते हातानेच पाहत. गोळी खांद्यात होती. पण नाकपुड्यांतून काळसर रक्त आलं होतं आणि शेपटीखालूनही. गाडीत सांडलेलं रक्त अजून पातळच होतं, डांबरासारखं काळं, साखळलेलं नव्हतं. पोट टम्म फुगलं होतं. काकाजींनी काठीने मागचा पाय उचलला आणि सोडला. पाय लुळा पडला, एव्हाना तो ताठ व्हायला हवा होता.

"याले सुरी लावू नका," ते म्हणाले. "फाशी हाय ही."

गुरांच्या त्या रोगाला आमच्याकडे फाशी म्हणतात. बैल सकाळी चरतो आणि संध्याकाळी मरून पडतो. माणसाला त्याच्या रक्ताने काळपुळी होते.

नायक बाजेवरून उठला. ठेंगणा, रुंद, पांढऱ्या मिशांचा माणूस. "पाटील," तो शांतपणे म्हणाला, "बांधाचं भांडन बांधावर ठेवा. माह्या पोरीच्या सगाईत कायले आनता?"

"बांधाचा काय संबंध?"

"तुमाले सगळ्यातच रोग दिसते. दुधात दिसते, मिठात दिसते. आज माह्या पाव्हण्याच्या ताटात दिसला. पाव्हणे काय म्हनतील? नायकानं मेलेलं जनावर खाऊ घातलं?"

पाहुणे खरंच एकमेकांकडे पाहू लागले होते. काकाजी बरोबर सांगतायत की जुना राग काढतायत, हे मलाही ठरवता येईना. काकीजींच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर त्याही नवऱ्याकडे तशाच पाहत होत्या.

काकाजी वाद घालत बसले नाहीत. ते पुतण्याला म्हणाले, "घरी जा. दोन्ही बोकड घेऊन ये." मग नायकाला म्हणाले, "चितळाच्या बदल्यात माहे बोकड घे. हे गाडू दे."

"अन् तुमच्या बोकडात काय असन, ते मले काय माईत?" नायक म्हणाला.

पाहुण्यांपैकी एकजण हसू दाबत होता. काकाजींना राग येईल असं मला वाटलं. पण ते नायकाकडे निराळ्याच नजरेने पाहू लागले, जणू त्या माणसात त्यांना पहिल्यांदाच काही बरं दिसलं.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "पयलं ताट माहं वाढ."

आणि ते जेवले. ज्या माणसाने सख्ख्या बहिणीच्या घरीही स्वतःच्या तांब्यातलं पाणी प्यायलं होतं, तो नायकाच्या अंगणात मांडी घालून बसला आणि सगळ्यांच्या देखत पहिला घास त्याने खाल्ला. पाहुणे त्यांच्याकडे पाहत होते, नायक पाहत होता. ताट संपेपर्यंत कोणी हात घातला नाही. मग सगळे जेवले. सगाई पार पडली.

चितळ त्याआधीच, न कापता, तांड्याच्या पलीकडच्या पडीक जागेत खोल खड्ड्यात गेलं होतं. वर कळीचा चुना, माती आणि बाभळीच्या काट्या. रक्त सांडलेली माती उकरून त्याच खड्ड्यात टाकली होती आणि त्या जागेवर कापसाच्या वाळल्या पराट्या पेटवल्या होत्या. पण काकाजींचं समाधान झालं नव्हतं. शिंगं मोठी होती, कातडं सुंदर होतं. "तांड्यातलं कोनी ना कोनी उकरन," ते घरी म्हणाले. म्हणून त्यांनी खड्ड्यावर पहारा बसवला. पहाऱ्याला पुतण्याला बसवलं, कारण तो घरचा होता.

नंतरच्या आठवड्यात काकाजी खड्डा पाहायला गेले, तर काट्या हललेल्या होत्या आणि माती सैल. ते तसेच पांढरेफटक होऊन घरी आले, काठी घेतली आणि तांड्याकडे निघाले. काकीजी मला म्हणाल्या, "मास्तरीणबाई, तुमी संगं जा. तुमच्यापुढं ते जरा सांभाळून बोलतेत."

ते सांभाळून बोलले नाहीत. लिंबाखाली उभं राहून त्यांनी सांगितलं की चितळ कोणीतरी उकरलं आहे, ज्याने हात लावला त्याच्या हातावर काळपुळी येईल, आणि सगळ्या तांड्याने आपले हात दाखवावेत.

मला वाटलं, आता नायक काठी उचलणार. त्याने काठी उचलली नाही. मग त्याने वळून आपल्या भाषेत काही हाक दिली, आणि घराघरातून माणसं आली. पुरुषांनी हात पुढे केले. म्हाताऱ्यांनी केले. नायकाची बायको पुढे आली. बंजारा बायकांच्या दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या असतात. तिने त्या सरकतील तेवढ्या वर सरकवल्या आणि काकाजींच्या डोळ्यांसमोर हात धरला. तिच्या मागे बाकीच्या बायका. काकाजी वाकून, मोतीबिंदूच्या डोळ्यांनी, एकेक हात पाहत गेले. विळ्याचे व्रण होते, चुलीचे चटके होते, कापूस वेचून फाटलेली बोटं होती. काळपुळी नव्हती.

शेवटचा हात नायकाचा होता. तो काकाजींनी पाहिला आणि मान हलवली.

"झालं?" नायक म्हणाला. "आता मले एक सांगा, पाटील. घरचे हात पाह्यले काय?"

काकाजी तिथूनच वळले. परतीच्या वाटेवर ते माझ्या पुढे चालत होते आणि मला गाठता येत नव्हतं.

पुतण्या ओसरीत जेवत बसला होता. वैशाखातल्या त्या उकाड्यात त्याने पूर्ण बाह्यांचा सदरा घातला होता. काकाजी त्याच्यासमोर उकिडवे बसले. "बाही वर कर," ते म्हणाले. त्याने केली नाही. मग काकाजींनीच ती हळूहळू गुंडाळली, लहान पोराचं अंगडं काढावं तशी. मनगटाच्या वर एक फोड होता, भोवती सूज, आणि मधोमध कोळशासारखी काळी खपली.

"दुखते काय?"

"नाई," पुतण्या म्हणाला.

"तेच तं वाईट हाय."

मग तो रडत रडत सगळं बोलला. पुसदच्या एका वकिलाला त्याने ठिपक्यांचं कातडं आणि शिंगं देईन म्हणून सांगितलं होतं. काकाजी सगळ्यातच रोग पाहतात, हेही तसंच असेल, असं त्याला वाटलं. पहाऱ्यावर एकटाच असताना त्याने दुपारी खड्डा उकरला. कातडं मीठ लावून गोठ्यात, कडब्याच्या गंजीवर वाळत टाकलं होतं.

गोठ्यात, हे ऐकल्यावर काकीजी तिकडे धावल्या. त्याच कडब्यातून बैलांना वैरण पडत होती.

काकाजी पुतण्याला एक शब्दही रागाचा बोलले नाहीत. त्यांनी चिमट्याने कातडं आणि शिंगं ओढून काढली आणि गंजीसकट जाळली. मग पुतण्याचा हात धुतलेल्या फडक्यात गुंडाळला आणि त्याला घेऊन मोटारीच्या थांब्यावर गेले. त्या दिवशी त्यांनी चाकांना लाथ मारली नाही. ड्रायव्हरला एवढंच म्हणाले, "जोरानं चालव, बाप्पा."

पुसदच्या डॉक्टरांनी हात पाहिला, काकाजींचं ऐकून घेतलं आणि पेनिसिलिनची सुई तिथेच सुरू केली. हे मला नंतर कळलं. इकडे दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजींचा उजवा बैल गोठ्यात थरथरायला लागला. खरेदी केल्यापासून त्यांनी त्याला एकदाही चाबूक मारला नव्हता. ऊन कलायच्या आत तो पडला. नाकातून तेच काळं, पातळ रक्त.

मेलेल्या बैलाचं कातडं सोलून नेणारी माणसं ठरलेली असत, आणि बातमी पसरायला वेळ लागला नाही. काकीजी एकट्या. त्यांनी मला बाजूला घेतलं. "नायकाले बोलावून आना," त्या म्हणाल्या.

"काकीजी, कालच त्यांच्या बायकांचे हात..."

"म्हूनच म्हनते. दुसऱ्या कोनाले हे खरं वाटनार नाई."

मी तांड्यात गेले. नायकाने माझं सगळं ऐकून घेतलं आणि पागोटं डोक्याला गुंडाळत उठला. तो माणसं आणि गाडी घेऊन आला. बैलाच्या नाकातोंडात त्याने चुन्यात बुडवलेल्या चिंध्या कोंबायला लावल्या, कोणालाही उघड्या हाताने शिवू दिलं नाही, आणि कातड्यासाठी आलेल्यांना दारातूनच परत पाठवलं. बैल चितळाच्या शेजारी गेला, तेवढ्याच खोल. बैल वाहून रक्ताने माखलेली गाडी त्याने नंतर तिथेच जाळली. गाडी त्याची स्वतःची होती.

पुतण्याची सूज उतरायला लागल्यावर काकाजी त्याला डॉक्टरांजवळ ठेवून परत आले. बैल गेल्याचा काकीजींचा निरोप त्यांना मोटारीतच कोणीतरी दिला होता. ते घरी आलेच नाहीत. थांब्यावरून सरळ त्या पडीक जागेकडे गेले. मी आणि काकीजी मागोमाग पोचलो. नायक एकटाच तिथे होता. दोन्ही खड्ड्यांवर तो नदीतले गोटे रचत होता.

काकाजी बैलाच्या खड्ड्याजवळ उभे राहिले. कोट काढला, घडी करून दगडावर ठेवला. वाकून मातीला हात लावला. मग उठले, आणि काठी जमिनीत खुपसून खोली पाहू लागले. एका कोपऱ्यात, मग दुसऱ्या कोपऱ्यात.

"कमरेच्या वर हाय," नायक म्हणाला. "चुना दोनदा टाकला. काहून खुपसून राह्यले?"

काकाजींनी एक गोटा उचलला आणि रचायला लागले. नायक दुसऱ्या बाजूने रचू लागला. काकाजींनी ठेवलेला एखादा दगड डगमगला की नायक तो काढून नीट बसवी. नायकाने बसवलेला काकाजी हलवून पाहत. बराच वेळ असंच चाललं. काकाजींच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते कोपराने पुसत होते, हात मातीचे होते म्हणून.

ढीग छातीएवढा झाला तेव्हा नायक थांबला आणि पागोट्याच्या शेवाने तोंड पुसू लागला.

"पाटील," तो म्हणाला, "आता तरी इश्वास बसला काय?"

काकाजींनी ढिगाभोवती एक फेरी मारली. वरचा गोटा दोन्ही हातांनी हलवून पाहिला.

"तुह्यावर बसला," ते म्हणाले. "या गोट्यावर नाई. अजून एक आन."